गडगड्याची वाट

विहिरीची वाट बंद झाली ती एका शेळीपायी, आणि शेळी होती ठिणगीच्या घरची. त्यामुळं आळीतल्या बायका ओढ्याच्या चढाला लागल्या की एक शिवी शेळीला आणि एक ठिणगीला, अशी सरळ वाटणी करायच्या.

पाणी सगळीकडंच आटलं होतं. आळीतले नळ नुसते खोकायचे. उरली होती ती काकांच्या शेतापलीकडची विहीर. विहीर सगळ्यांची, पण आळी आणि विहीर यांच्यामध्ये काकांचं शेत आडवं पडलेलं. आजवर बायका शेतामधल्या सपाट वाटेनं जायच्या-यायच्या, कुणी कुणाला विचारलं नव्हतं. मग एका दुपारी शेळी सुटली, काकांच्या घेवड्याचे वेल शेंड्यापासून बुडापर्यंत साफ केले आणि सावलीत बसून रवंथ करत राहिली. दुसऱ्या दिवशी काकांनी वाटेच्या दोन्ही तोंडांना काटेरी फांद्या रचल्या. तेव्हापासून विहिरीला जायचं म्हणजे ओढ्यात उतरा, दगडगोट्यांतून चाला, पलीकडचा चढ चढा, आणि हंडा भरला की हेच सगळं उलटं करा.

काका म्हणजे ठिणगीच्या बापाचे चुलतभाऊ. बाप गेला तेव्हा सगळ्यांदेखत म्हणाले होते, "मी आहे ना." होते खरे. रोज ओट्यावर खुर्ची टाकून बसलेले दिसायचे.

ठिणगीचं खरं नाव शाळेच्या दाखल्यावर राहिलं आणि दाखला शाळेत राहिला. नववीत मास्तरांनी तिला डस्टर फेकून मारला. तिनं तो परत फेकला. मग दोघांपैकी एकाला शाळा सोडावी लागली, आणि मास्तर काही सोडणारे नव्हते. तेव्हापासून ती घरी होती. घर म्हणजे आई, वहिनी आणि वहिनीचं रांगतं पोर. दादा ट्रकवर. महिन्यातून एकदा यायचा, झोपायचा, जायचा.

गावात संस्थेची जीप आली त्या दिवशी आईचा गुडघा सुजून भोपळा झाला होता. आई ओट्यावर पाय लांब करून बसली होती आणि गुडघ्यावर ओलं फडकं ठेवायचं की तेवढं पाणी पिण्यासाठी राखायचं, यावर वहिनीशी हुज्जत घालत होती. जीपमधून टोपी घातलेली एक मुलगी उतरली. सगळ्यांना ताई म्हणत होती, म्हणून सगळ्यांनी तिलाच ताई म्हणायला सुरुवात केली. तिनं आळीतल्या बायका जमवल्या आणि विचारलं, "तुमच्यात लिहितावाचता येणारं, न घाबरता बोलणारं कोण आहे?"

सगळ्या बायकांनी एकदम ठिणगीकडं बोट केलं. कौतुकानं नव्हे. ही ब्याद दिवसभर दुसऱ्याच्या डोक्यावर बसली तर बरं, एवढाच हेतू.

अशी ठिणगी संस्थेची गावदूत झाली. महिन्याचा पगार आणि एक जाकीट मिळालं. जाकिटाला इतके खिसे की एवढ्या खिशांत घालायला घरात वस्तू नव्हत्या. पण ठिणगीनं काम धरलं ते पगारासाठी नाही की खिशांसाठी नाही. तिच्या डोक्यात एकच गणित होतं. संस्था जीपवाली, मोठी. संस्थेनं सांगितलं तर काकांना ऐकावं लागेल. काकांनी ऐकलं तर वाट उघडेल. वाट उघडली तर आईचा गुडघा टिकेल.

पहिल्याच दिवशी तिनं ताईला काट्यांपाशी नेलं.

"ही बघा ताई. इथून विहीर हाकेवर आहे. ती बघा, कठडा दिसतोय. आणि आम्ही जातो तिकडून, ओढ्यातून."

ताईनं डोळ्यांवर हात धरून पाहिलं. "बापरे. किती वेळ जातो?"

"अर्धी सकाळ. तुम्ही फक्त काकांशी बोला."

"हे कुणाचं शेत?"

"काकांचं. आमच्याच."

"मग तुम्हीच का नाही बोलत?"

"आमच्याच आहेत म्हणूनच."

ताई हसली, पण लगेच गंभीर झाली. "हे बघ, जमिनीच्या भांडणात संस्था पडत नाही. तो आपला विषय नाही. आपला विषय पाणी वाहून नेण्याचे कष्ट कमी करणं."

"मग तेच सांगतेय ना. वाट उघडली की कष्ट कमी."

"त्यासाठी आपल्याकडं उपाय आहे," ताई म्हणाली, आणि जीपच्या मागून एक निळी गोल टाकी काढली. आडवी लोळणारी, मधून दांडा, दांड्याला धरून ढकलायचं. "डोक्यावर ओझंच नको. बाई चालेल, पाणी पुढं लोळत जाईल. कित्येक ठिकाणी बक्षिसं मिळालीत याला."

ठिणगीनं टाकीकडं पाहिलं, मग काट्यांकडं, मग ओढ्याकडं. दुखणं हाल्याला आणि इंजेक्शन पखालीला, असं तोंडात आलं होतं. पण नोकरीचा पहिला दिवस होता, तिनं गिळलं. गिळणं तिला जमायचं नाही, त्या दिवशी दुपारभर उचकी लागली.

गावानं टाकीचं नाव गडगडा ठेवलं. आळीत घरटी एक गडगडा आला.

पहिल्यांदा नेला वहिनीनं. बायका तमाशा बघायला चढावर उभ्या. विहिरीवर भरला तोपर्यंत ठीक. ओढ्याच्या उताराला लागल्यावर वहिनी गडगड्याला ढकलत नव्हती, गडगडाच वहिनीला ओढत होता. "सोड, सोड," बायका ओरडल्या. वहिनीनं सोडला. गडगडा दगडावर आपटला, उडाला, पुन्हा आपटला, झाकण एकीकडं गेलं, आणि ओढ्याच्या कोरड्या पात्रात, जिथं आठ महिने थेंब नव्हता, तिथं चिखल झाला.

"चला," म्हातारी आत्या म्हणाली, "ओढा वाहिला एकदाचा."

वहिनी हसत नव्हती. तिच्या तळहाताची साल निघाली होती. "ठिणगे, तुझी नोकरी तुझ्यापाशी. मला माझी चुंबळ दे."

चुंबळ डोक्यावर, हंडा चुंबळीवर, हे पुन्हा सुरू झालं. गडगडे घराघरांत राहिले. कुणी त्यात पीठ ठेवलं, कुणी शेळीचा पाला. आत्यानं आडवा ठेवून त्यावर नातवाला घोडा घोडा खेळायला दिलं.

पण ताई दर आठवड्याला यायची आणि गडगडा चालतोय का बघायची. तिला चालताना दिसला नाही की तिचा चेहरा इतका उतरायचा की ठिणगीलाच अपराधी वाटायचं. एकदा ताई जीपच्या दारात बसून म्हणाली, "माझं पण असंच असतं गं. वर्षाला एक प्रकल्प. चालला तर पुढचं वर्ष, नाही तर दुसरी नोकरी शोधा. घरचे म्हणतात, समाजसेवा करतेस, मग पगार कशाला मागतेस."

"आणि वाट?"

"वाट माझ्या डोक्यात आहे," ताई म्हणाली.

डोक्यात असून काय उपयोग, ठिणगीच्या मनात आलं, आमच्या डोक्यावर हंडा आहे. पण तिला ताईची कीव आली आणि तिथंच ती चुकली. पुढच्या आठवड्यात जीपची धूळ दिसली तशी तिनं आळीभर पळत निरोप दिला. बायकांनी पीठ काढलं, पाला काढला, हंड्यांतलं पाणी गडगड्यांत ओतलं आणि आळीच्या टोकापासून घरापर्यंत, दहा-पंधरा पावलं, गडगडे लोळवत आणले. ताईनं फोटो काढले. तिचे डोळे भरून आले. मग हे दर आठवड्याला करावं लागलं. डोक्यावरून आणायचं, ओतायचं, लोळवायचं, पुन्हा हंड्यात काढायचं. कष्ट कमी करणाऱ्या टाकीनं एक काम वाढवलं होतं.

"नोकरी तुझी," वहिनी म्हणायची, "आणि नाचायचं आम्ही."

आई एकटीच नाचात सामील झाली नाही. "मी खोटं पाणी आणत नाही," म्हणाली.

शहरातल्या ऑफिसात सगळ्या गावदूतांना बोलावलं. खोली थंडगार, भिंतीला मोठे कागद. प्रत्येकीला रंगीत चिठ्ठ्या दिल्या. गावाची गरज लिहा, म्हणाले, मोकळेपणानं लिहा. ठिणगीनं मोठ्या अक्षरात लिहिलं, वाट. शिकवायला आलेल्या सरांनी चिठ्ठी वाचली. "फार छान. खोल विचार आहे." मग इकडंतिकडं बघून ती दाराशेजारच्या कागदावर चिकटवली. त्या कागदावर लिहिलं होतं, नंतरचे विषय. इतर चिठ्ठ्यांवर दिवसभर चर्चा झाली. बदल, बदल, असा शब्द इतक्यांदा आला की ठिणगीला वाटलं आता कपडेच बदलायला सांगतील. संध्याकाळी ती घरी आली, चप्पल काढली, तर तळाला तिचीच चिठ्ठी चिकटलेली. दारातून निघताना पडली असणार. वाट पायाखाली घेऊन ती सगळीकडं फिरून आली होती.

त्याच आठवड्यात आई ओढ्यात पडली.

भरला हंडा घेऊन उतरत होती. गोटा निसटला, दुखऱ्या पायावर सगळं वजन आलं. हंडा आधी गेला, मग आई. ठिणगी पोचली तेव्हा आई दगडावर बसली होती, लुगडं भिजलेलं, कोपरातून रक्त, आणि हंड्याला पडलेला पोचा अंगठ्यानं चाचपत होती.

"कुठं लागलं?"

"हंड्याला लागलं. चांगला हंडा होता."

"तुला कुठं लागलं, विचारतेय मी."

"ओरडू नकोस. धर इथं." आईनं हात दिला. उठताना तिच्या तोंडातून आवाज आला तो ठिणगीनं याआधी कधी ऐकला नव्हता. तिनं आईला पाठीवर घेतलं. आई हलकी होती, त्याचाच राग आला. चढावर वळून तिनं शेताकडं पाहिलं. सपाट, मोकळं, नुसतं पडून होतं. या वर्षी काकांनी पेरलंही नव्हतं. नुसत्या ढेकळांना काट्यांची राखण.

चार दिवसांनी ताई आली ती धावतच. "मोठे साहेब येतायत. ज्यांच्या पैशावर प्रकल्प चालतो ते. बायकोसह. त्यांना विहिरीपासून घरापर्यंत गडगडा चालताना बघायचाय. पूर्ण. त्यावर पुढची पाच वर्षं ठरणार."

"पूर्ण?"

"पूर्ण. का?"

ठिणगीनं मग सगळं सांगितलं. पीठ, पाला, खोटं पाणी, सगळं. ताई जीपच्या पायरीवर बसली. बराच वेळ टोपी हातात फिरवत राहिली. रागावली असती तर ठिणगीला सोपं गेलं असतं.

"मग आता?" ताई म्हणाली.

"सपाट वाट एकच आहे," ठिणगी म्हणाली. "आता तरी बोलाल काकांशी?"

काकांच्या ओट्यावर ताईला खुर्ची मिळाली, चहा मिळाला. ठिणगी खाली उभी. काका तिच्याकडं बघतच नव्हते, जणू ताईसोबत ताईची पिशवी आली होती.

"एका दिवसाचा प्रश्न आहे," ताई म्हणाली. "मोठी माणसं येतायत. तुमच्या शेतातून जातील."

काकांनी मिशीवरून बोट फिरवलं. "मोठी म्हणजे किती मोठी?"

"परदेशातसुद्धा ओळखतात त्यांना."

"हां. मग आपल्याला काही अडचण नाही. आपण कधी कुणाला अडवलंय? शेळ्यांना अडवलं." आता ते ठिणगीकडं वळले. "काट्या तू काढायच्या. गड्याला सांगणार नाही मी. तुझ्या शेळीनं लावल्या, तू काढ. आणि दुसऱ्या दिवशी तूच परत लावायच्या."

"लावीन," ठिणगी म्हणाली. ताईनं चमकून तिच्याकडं पाहिलं, कारण तिच्या आवाजात नेहमीची धारच नव्हती.

काट्या काढायला आख्खी दुपार गेली. वर्षभर वाळून फांद्या एकमेकींत अशा अडकल्या होत्या की एक ओढली की तीन अंगावर यायच्या. फांद्या ओढायची आकडी आणायला घरी गेली तर वहिनीनं ती शेजारी दिलेली. मग हातांनीच. काटे मनगटात शिरले, जाकिटाच्या खिशांत शिरले. ऊन माथ्यावर. काका ओट्यावरून बघत होते आणि मधूनमधून सूचना करत होते, "तिकडं नको, बांधाला लाव. नीट रच, परत लागणारेत."

आई लंगडत आली, बांधावर बसली आणि लेकीच्या हातातले काटे सुईनं काढू लागली.

"एका दिवसासाठी एवढं," आई म्हणाली.

"बघू."

"काय बघू? तुझं बघू म्हटलं की मला धडकी भरते."

तर संस्थेची एक पद्धत होती. ती काही करायची नाही पाटीशिवाय. विहिरीला पाटी, गडगड्याला पाटी, ताई एकदा एक झाड लावून गेली, झाड मेलं, पाटी जगली. साहेब येणार म्हटल्यावर ताई म्हणाली, "काकांना धन्यवादाची एक पाटी लावू वाटेच्या तोंडाशी. माणसं खूश होतात. पेंटरला मजकूर तू दे, मला वेळ नाही."

पेंटर सुस्त माणूस. ठिणगीनं मजकूर सांगितला आणि तो एकेक शब्द ओठांनी चघळत लिहू लागला.

"ही वाट, काकांचं नाव, यांनी सर्वांसाठी कायमची खुली केली. खाली संस्थेचं नाव."

पेंटरनं ब्रश थांबवला. "कायमची?"

"कायमची."

"काकांना माहीत आहे?"

"पाटी तुम्ही रंगवताय की काकांना ओळखताय?"

पेंटर खांदे उडवून लिहायला लागला. मग म्हणाला, "नाव मोठं काढतो. लाल रंगात, मागं काळी सावली देतो. त्यांच्या गोदामाची पाटी मिळायची आहे मला."

"काढा की हवं तेवढं मोठं." तिचं लक्ष त्या एका शब्दाकडं होतं.

साहेब म्हातारे होते, मऊ बोलणारे. त्यांच्या बायकोनं पांढरे बूट घातले होते आणि आळीतली पोरं माणसं सोडून त्या बुटांकडंच बघत होती. वहिनीनं विहिरीवर गडगडा भरला, दांडा धरला, आणि निघाली. आणि काय सांगायचं, गडगडा चालला. सपाट वाटेवर लोण्यातून सुरी जावी तसा. वहिनी स्वतःच बघत राहिली. एका हातानं ढकलत होती, दुसऱ्या हातानं कमरेवरचं पोर सावरत होती. मागून सगळ्या बायका, सगळे गडगडे. आत्या म्हणाली, "अगं, हे तर खरंच लोळतंय."

सगळ्यांत शेवटी आई. तिनं गडगडा घेतला नव्हता. पोचा पडलेला हंडा डोक्यावर, गुडघ्याला फडकं, पण पाठ ताठ. किती तरी दिवसांनी तिचा पाय सपाट जमिनीवर पडत होता.

साहेब थांबले. "आजी, कसा वाटला तुम्हाला गडगडा?"

आईनं त्यांच्याकडं नीट बघितलं. ते तिच्याहून पंधरा वर्षांनी तरी मोठे होते. "वाट चांगली आहे," ती म्हणाली.

"गडगडा वाटेवर चांगला चालतो, असं म्हणतायत," ताई पटकन म्हणाली.

मग वाटेच्या तोंडाशी सगळे जमले. पाटीवर कापड टाकलं होतं. साहेबांनी दोरी ओढली, चष्मा लावला आणि पाटी मोठ्यानं वाचली. काका इस्त्रीचे कपडे घालून शेजारीच उभे होते. स्वतःचं नाव आलं तेव्हा त्यांची मान वर झाली. कायमची आलं तेव्हा मान तिथंच राहिली, नुसते डोळे ठिणगीवर आले. पण टाळ्या सुरू झाल्या होत्या. साहेबांनी काकांचे दोन्ही हात हातात घेतले. "जगात पैसा देणारे खूप भेटतात," म्हणाले. "जमीन देणारा माणूस मी आज पाहिला." साहेबांच्या बायकोनं डोळे पुसले. फोटो निघाले. काकांच्या तोंडातून शब्द फुटला तो एवढाच, "त्यात काय मोठं."

जिपा गेल्या. धूळ खाली बसली. काका ओट्यावर जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई एकटीच आली. घराच्या दारात उभी राहिली, आत आली नाही. वहिनी म्हणाली बसा, तरी बसली नाही.

"साहेबांनी पाच वर्षं मंजूर केली," ती म्हणाली.

"मग तोंड असं का?"

"काकांचा फोन होता, वर, मोठ्या ऑफिसात. संस्थेनं जमीन लाटली म्हणून केस करतो म्हणतात. खाली संस्थेचं नाव आहे ठिणगी. तू मला विचारायचं तरी."

"विचारलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, तो आपला विषय नाही."

ताई म्हणाली, "तो शब्द पुसून ये. रंग मी आणलाय. काकांची माफी माग. मग मी वर सांगते, पोरीची चूक झाली. तुझी नोकरी राहील. पक्की होईल. अगं, तू या कामात पुढं जाशील, तुझ्यात आहे ते."

"आणि वाट?"

"ठिणगी, मी काय करू?" ताईचा आवाज पहिल्यांदाच चढला. "माझ्या हातात गडगडे आहेत. वाटा नाहीत."

"मी पुसणार नाही."

"मग मला पुसावं लागेल. आणि तुला…"

"कळलं." ठिणगी आत गेली, जाकीट घेऊन आली. खिसे उलटे करून झटकले. दोन काटे पडले आणि एक चुरगळलेली रंगीत चिठ्ठी. चिठ्ठी तिनं ठेवली, जाकीट दिलं.

"फेकून मारलं नाहीस," वहिनी नंतर म्हणाली. "सुधारलीस."

ताईनं तो शब्द स्वतः पुसला. पेंटरचा हात नव्हता तिला. काळा रंग ओघळून खालच्या संस्थेच्या नावावर उतरला, तरी तिनं पुन्हा नीट केलं नाही. जीपमध्ये बसली तेव्हा टोपी पाटीच्या खांबाला लटकत राहिली होती. ती वाऱ्यानं संध्याकाळपर्यंत उडून गेली.

आता काट्या. ठिणगी रोज सकाळी उठली की आधी वाटेच्या तोंडाकडं बघायची. काट्या बांधाला रचलेल्या तशाच. कुणी परत लावा म्हणून निरोप नाही. पहिल्या दिवशी बायका भीत भीत गेल्या, खाली मान घालून, पायांचा आवाज न करता. काका ओट्यावर होते. बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी जरा मान वर. तिसऱ्या दिवशी आत्या गडगडा घेऊन निघाली आणि मधेच थांबून दम खात शेजारणीशी गप्पा मारत बसली.

"लावेल आता," ठिणगी म्हणायची. "आज लावेल. शब्दच पुसलाय, आता त्याला कशाची भीती."

त्याच सुमारास गुरांचा डॉक्टर मोटरसायकलवरून चालला होता. पाटीपाशी थांबला, वाचली, आणि ओट्याकडं बघून हात जोडले. "वा काका, मानलं बुवा." काकांनी हात वर केला. मग सोसायटीचा सचिव थांबला. मग शाळेचे तेच मास्तर थांबले, आणि पोरांना आणून पाटी वाचायला लावली. कुणीही त्या काळ्या डागाकडं बघत नव्हतं. पेंटरनं नावच एवढं मोठं काढलं होतं, लाल, मागं सावली दिलेलं, की ते फाट्यावरून वाचता यायचं.

आठवड्याच्या शेवटी काकांची खुर्ची ओट्यावर दिसली नाही. ठिणगी धावत वाटेच्या तोंडाशी गेली. खुर्ची पाटीखाली होती. काका उभे राहून खांद्यावरच्या फडक्यानं पाटीवरची धूळ पुसत होते. आपल्या नावापाशी जास्त वेळ.

ठिणगी तिथून परत फिरली ती थेट घरी. धुसफुसत आली, पाय आपटले, वहिनीनं विचारलं तरी सांगेना. शेवटी आईपाशी बसली.

"म्हणजे तो शब्द नकोच होता."

"कुठला?"

"कायमची. नुसतं नाव पुरलं असतं. त्या एका शब्दापायी माझी नोकरी गेली, आणि तो शब्द कुणी वाचलाही नाही."

आई गुडघ्याला तेल लावत होती. तिनं बोटं थांबवली नाहीत. "तू एवढं डोकं चालवलंस. त्यापेक्षा आधीच एक पाटी लावली असतीस, तर शेळीला घेवडा मीच चारला म्हणाला असता तो."

वहिनीला हसू फुटलं, पोरालाही फुटलं, त्याला काही कळलं नव्हतं तरी. ठिणगी हसली नाही. ती इतकी वैतागली होती की तिला काही तरी फेकायचं होतं, आणि हाताशी होता तो रिकामा गडगडा.

"आण तो," आई म्हणाली.

"कशाला?"

"पाण्याला. सपाटावर चालतो ना तो? आता खोटं नाही त्यात."

दोघी विहिरीला गेल्या. ठिणगीनं भरला, झाकण घट्ट केलं, दांडा धरायला गेली तर आईनं तिला बाजूला सारलं. दोन्ही हातांनी ढकलत, एक पाय जरा ओढत, आई वाटेनं निघाली. डोक्यावर काही नव्हतं. सवयीनं मान मात्र हंडा असल्यासारखी ताठ होती. गडगडा पुढं, आई मागं, वळणावर जरासा बांधाकडं गेला, तो खांबाच्या दिशेनं.

"हळू हो वहिनी," काका खुर्चीतून म्हणाले. "पाटीला धक्का लागेल."

आईला वहिनी म्हणून हाक मारली त्यांनी, शेळी सुटल्यापासून पहिल्यांदा. आणि मारली ती पाटीसाठी. ठिणगीच्या कानशिलात रक्त चढलं. ओढ्यात पोचा पडलेला हंडा, सुईनं काढलेले काटे, ढेकळांची राखण, सगळं एकदम जिभेवर आलं. तिनं तोंड उघडलं.

"गप," आई मागं न बघता म्हणाली. "पाणी घरी पोचू दे."